नऊशे सत्तर

शांत बसलेल्या दुर्गाच्या हृदयाच्या पहिल्या दोन ठोक्यांमध्ये आठशे बारा मिलिसेकंद गेले. पुढच्या दोनांमध्ये आठशे सत्तेचाळीस, मग सातशे नव्वद. हे अंतर असं कमी-जास्त होत राहणं चांगलं असतं. माणूस घाबरला की ते घड्याळासारखं एकसारखं होतं. ताणाखाली ते किती बदलतं हे मोजायला आम्ही काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमधल्या बायकांना जेसल पार्कमधल्या भाड्याच्या खोलीत बोलावत होतो. दुर्गा एकोणतिसावी.

छातीला इलेक्ट्रोड लावताना ती म्हणाली, "डोक्याची परीक्षा आहे ना, मॅडम? बरं झालं. शेठ दिवाळीपासून मागे लागलाय, सुपरवायझर हो म्हणून. खोके मोजायचे, लिहायचे. मी आपली आज सांगते, उद्या सांगते करतेय. आता तुम्हीच बघा, डोकं चालतंय की नुसतं गजरा माळायला आहे."

मी हसले नाही. हसायचं नाही असा नियम होता.

"एक हजार बावीसमधून तेरा वजा करत जा. मोठ्याने."

"एक हजार नऊ. नऊशे शहाण्णव. नऊशे त्र्याऐंशी. नऊशे सत्तर."

"चूक. पहिल्यापासून."

उत्तर बरोबर होतं. चौथ्या उत्तराला चूक म्हणायचं हे आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्यांदाही ती नऊशे सत्तरवर आली. मी पुन्हा चूक म्हटलं. तिसऱ्यांदा ती थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि नऊशे बहात्तर म्हणाली. पडद्यावर पाचशे साठ, पाचशे एकसष्ट, पाचशे साठ.

शेवटी मी कागदावरचं वाक्य वाचलं. "तुमच्या वयाच्या बायकांपेक्षा तुम्ही बऱ्याच मागे आहात."

हे सगळ्यांनाच सांगत होतो. ते खोटं आहे हे सांगणारा कागद पंधरा दिवसांनंतरच्या दुसऱ्या भेटीच्या शेवटी द्यायचा. बायका एकाच रिक्षातून यायच्या, एकीकडून दुसरीला कळलं असतं.

ती गेल्यावर मी हा प्रयोग चालवणाऱ्या कौस्तुभ सरांना म्हटलं, "हिला आजच खरं सांगू या. तिला शेठला उत्तर द्यायचंय."

"पंधरा दिवसांत कोण मरतंय का, रुचिता? एकीला सांगितलंस की सगळे आकडे गेले." मग खूश होऊन म्हणाले, "तुझा आवाज मात्र झकास लागतो. दया म्हणून नाही त्यात."

दुर्गाचा पत्ता माझ्याकडे होता. केबिन रोडच्या मागे, माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. त्या पंधरा दिवसांत मी भाजीला रोज त्याच रस्त्याने गेले. तिच्या घरी गेले नाही.

दुसऱ्या भेटीत तिचे आकडे आले आठशे नव्वद, नऊशे बेचाळीस, आठशे एकाहत्तर. इतकी निवांत नोंद आधीच्या अठ्ठावीस जणींत एकीचीही नव्हती. सर माझ्या खांद्यावरून बघून "वा!" म्हणाले. मलाही वाटलं, हिने शेठला हो म्हटलं असणार. खुलाशाचा कागद टेबलावर पालथा ठेवला होता. त्याआधी फॉर्ममधला एकच प्रश्न उरला होता.

"गेल्या पंधरा दिवसांत आयुष्यात काही बदल?"

"बदल कसला? सुटले मी, मॅडम. तुम्ही तोंडावर सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर चार माणसांत शोभा झाली असती. शेठने मिनलला केलं सुपरवायझर, सोमवारपासून." ती पदर सारखा करत हसली. "शेठला सांगून टाकलं, हे काम माझ्याच्याने होणार नाही."