पाहुणचाराचं ओझं

आलेल्या पाहुण्याला कामाला हात लावू द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. चांगलीच आहे. पण पाहुणा दोन दिवसांचा असतो. ज्याचं घर पाण्यात गेलं तो दोन दिवसांत कुठं परतणार, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

वैनगंगेच्या पुरात घरं पडलेली चाळीस माणसं अड्याळच्या समाजमंदिरात आसऱ्याला होती. पोस्टात कारकून असलेली दीपमाला रजा टाकून तिथला स्वयंपाक सांभाळत होती. तिनं पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम लिहिला. गावची मंडळी रांधतील, वाढतील, खरकटंही काढतील. पूरग्रस्तांनी फक्त बसायचं. धुरपता नावाची सत्तरीची म्हातारी भाजी चिरायला येऊन बसली, तर दीपमालानं तिच्या पुढ्यातली विळी गोडीनं सरकवून घेतली आणि तिला आराम करायला पाठवलं.

म्हातारी भिंतीशी जाऊन बसली. चार दिवस जेवली. पाचव्या दिवसापासून ताट परत यायला लागलं. सहाव्या दिवशीही नुसता चहा. तपासायला आलेल्या नर्सबाईंनी बजावलं, असंच राहिलं तर हिला भंडाऱ्याला भरती करावं लागेल.

वाढणाऱ्यांतला जीवन हळूच म्हणाला, "ताई, बुढी आपल्या हातचं खात नाही. समजून घ्या ना."

दीपमालानं समजून घेतलं. दीपमालासकट रांधणारी सगळी बौद्ध घरची, म्हातारी दुसऱ्या समाजाची. आजेसासूनं सांगितलेल्या विहिरीवरच्या शिवाशिवीच्या गोष्टी तिच्या मनात वर आल्या. उद्या तलाठ्याला सांगून म्हातारीला दुसऱ्या निवाऱ्यात हलवायचं, असं तिनं ठरवलं आणि घरी येऊन सासूला, बायजाबाईला, तसं सांगितलं.

बायजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "पयले चार दिवस कोनाच्या हातचं खाल्लं तिनं?"

दीपमालानं सूप जवळ ओढलं आणि तीही निवडायला बसली.

"इचारलं का तिले?"

"त्यात काय इचारायचं, आई?"

"मंग तिनं जात पायली का नाही, मले माईत नाही. तू मात्र न इचारता पायली."

सकाळी दोघी समाजमंदिरात गेल्या. बायजाबाई धुरपताजवळ भिंतीला टेकली. पुराच्या, पडलेल्या घरांच्या, वाहून गेलेल्या धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या गोष्टी झाल्या. मग तिनं सरळच विचारलं, जेवत का नाही, जात आडवी येते का म्हणून.

"कायची जात वो बाई," धुरपता म्हणाली. "माह्या धानाच्या रोवन्याले वीस बाया राहत. चिखलातून निंगाल्या का मी वाढो. कोन्या घरची हाये, कोन पाहे? आता ताट बसल्या जागी येते. चार दिस खाल्लं. पाचव्या दिशी घास गळ्याखाली उतरेच ना. माहे हात गेले काय?"

दीपमाला खाली बसली. म्हातारीचे पाय तिनं धरले नाहीत, माफीही मागितली नाही. ती एवढंच म्हणाली, "आजी, माह्या हातचा भात रोज चिकट होते. दोन पायल्या तांदळाले पानी किती टाकू?"

धुरपतानं तिला नीट न्याहाळलं. "नौकरीवाली हायेस ना? भात नाही येत?" आणि ती भिंतीला हात लावून उठली.

त्या दुपारी चुलीपाशी आसऱ्याला आलेल्या सहा बाया होत्या. पुरुषांनी पाणी भरलं. पातेलं हलवताना धुरपता रोवण्याचं गाणं पुटपुटत होती :

मागं मागं सरतो बाई, पुढं हिरवं होते,
वाकलेल्या पाठीवरून ऊन ढळून जाते.

तिनं सगळ्यांना वाढलं. जीवनला "पोटात जागा नाही का रे, शरमतं काहून?" म्हणत दुसऱ्यांदा भात घातला. शेवटी ती स्वतः बसली, आणि तिला वाढायला दीपमाला उभी राहिली. म्हातारी पोटभर जेवली.

बंधूंनो, भगिनींनो, निराधाराला छप्पर द्यावं, घास द्यावा, हे आपण जाणतोच. पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नये. देणारा आपणच, असं एकदा ठरवून टाकलं की समोरच्याला आयुष्यभर घेणारा करून ठेवतो आपण. आणि त्याचं मन दुखलं तर कारणाचा अंदाज बांधू नये. जवळ बसून विचारावं.

दीपमालानं समाजमंदिराच्या फळ्यावरचा तो नियम पुसला. त्या जागी दुसऱ्या दिवशीच्या कामाची यादी लिहिली. पहिलं नाव धुरपताचं होतं, शेवटचं दीपमालाचं स्वतःचं, भांडी घासायला.