ओळ संपली की थांबायचं

मित्रांनो, मला तुमचे चेहरे कधी नीट दिसले नाहीत. मला तुमचे तळवे माहीत आहेत. कुणाचा बूट टाचेकडे झिजला आहे, कुणी बहिणीचे जोडे मागून आणले आहेत, कोण नवऱ्यावर चिडून पाय आपटते आहे, हे सगळे मला खालून कळते. मी टेक्सासमधल्या लिपा नाचघराची जुनी लाकडी जमीन आहे. माझ्या फळ्या आता करकरतात, पण माझी समज शाबूत आहे आणि स्वभाव थोडा मानी आहे. जमिनीला कसला आलाय मान, असे म्हणू नका. खिळा वर आलेला बूट घालून कुणी माझ्यावर उभे राहिले की अजूनही माझे डोके फिरते.

युरोपातल्या मोराव्हियाहून आलेल्या शेतकऱ्यांनी मला घडवले. पाइनची लांब लांब झाडे कापून त्यांनी फळ्या पाडल्या आणि आठवडेच्या आठवडे त्यांना रंधा मारला. चर्चचे छप्पर तेव्हा गळत होते, तरी माणसे माझ्याकडेच रंधा घेऊन यायची. यावरून त्यांचे मन कुठे होते ते ओळखा. शनिवारी सगळी कुटुंबेच्या कुटुंबे येत. तान्ही बाळे बाकांखाली गोधड्यांवर झोपत आणि त्यांच्या आया घड्याळाच्या उलट्या दिशेने माझ्यावर गोल गोल फिरत. म्हणून मी कडेने जास्त झिजले आहे. मधली जागा शिकाऊ लोकांची, तिथे मी अजून बऱ्यापैकी तरुण दिसते.

मला संगीत कानांनी कळत नाही, पायांनी कळते. आमच्या लोकांचा पोल्का म्हणजे उडी. ॲकॉर्डियनचा भाता फुगला की सगळे गाव एकदम हवेत जाते आणि एकदम माझ्यावर येऊन आदळते. मग पश्चिमेकडून स्विंगवाले आले. त्यांच्या ताफ्यात फिडल, सॅक्सोफोन, काय नि काय! त्यात पाय गरगर फिरतात, पुरुष आपल्या जोडीदारणीला भिंगरीसारखे फेकतात आणि गाण्यात शब्द काय होते ते घरी जाताना कुणाला आठवत नाही. नदीपलीकडच्या वस्तीतून ब्लूज वाजवणारे एकदोघे येत. ते एकच ओळ दोनदा म्हणत, दुःखाशेजारी बसून राहिल्यासारखे, आणि पाय जागच्या जागीच डुलत. पुढे पोरांनी रॉक आणले, त्यात कुणी कुणाचा हातच धरीना. मला सगळे चालते. मी जमीन आहे, नाक मुरडायला मला नाक नाही. पण मित्रांनो, माझा जीव जडला तो जुन्या कंट्री गाण्यावर, आणि त्याला कारण एक पाय आहे.

तो पाय एर्विन कुबेनाचा. लहानपणी पोलिओ झाला आणि त्याचा उजवा पाय बारीक राहिला. मोठा झाल्यावर तो कापसाच्या जिनात कामाला लागला. शनिवारी तो सगळ्यांच्या आधी यायचा, कॉफीच्या रिकाम्या डब्यात मक्याचे पीठ घेऊन. पीठ भुरभुरले की बूट छान सरकतात. त्याचे पाऊल मी हजारात ओळखीन. एक पाऊल टप्, आणि मागून दुसरे घस्स. सगळी जमीन फिरून झाली की तो डबा मांडीवर घेऊन बाकावर बसे आणि आपण पेरलेल्या पिठावर दुसऱ्यांना नाचताना बघत राही. पोल्क्याची उडी त्याला जमणार नव्हती, स्विंगची गिरकी तर नाहीच. त्याला नाचायची फार इच्छा होती. बाकाखाली त्याचा चांगला पाय सतत ताल धरायचा, म्हणून मला ठाऊक.

मग एका शनिवारी शहरातून हॅटवाला गायक आला. त्याच्याबरोबर पायांच्या घोडीवर आडवी ठेवलेली स्टील गिटार होती. तारांवरून लोखंडी कांडी सरकवली की ती माणसासारखा हुंदका काढायची. गाणे असे होते, की एका माणसाची बायको त्याला सोडून गेली आहे आणि तो रोज तिच्यासाठी खिडकीत दिवा लावतो. नाचघराचा कारभार बघणारे बोहुमिलकाका तडक उठले.

"हे काय रडगाणं लावलंय?" ते म्हणाले. "बायको गेली म्हणून दिवा लावून बसलाय. अरे, मग बस ना घरी! इथे येऊन आम्हाला कशाला सांगतोस?"

"बोहुमिल, गप्प बैस," त्यांची बायको डोळे पुसत म्हणाली. "त्याचं पुढे काय झालं ते ऐकू दे."

तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की या गाण्यात ऐकणारे रडतात आणि नाचणारे नाचतात, आणि तेही एकाच वेळी. पाय जमिनीवरून उचलायचेच नाहीत. दोन पावले भरभर, दोन सावकाश, सगळी सरकत सरकत. गायक शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावे तसे साध्या शब्दांत सांगत होता. एक ओळ सांगून झाली की तो थांबे. मग स्टील गिटार हळूच उसासा टाकी, आणि त्यानंतर तो पुढची ओळ घेई. शब्द चालू असताना ती कधी मध्ये तोंड घालत नव्हती.

थोड्या वेळाने गायकाने पुकारले, "आता बायकांनी जोडीदार निवडायचा!" आणि माझ्यावरून फटक फटक करत मोठ्या मापाचे जोडे निघाले. ती व्लास्ता होती, मधमाश्या पाळणाऱ्या व्रानांची मुलगी. तिच्या जिभेला सगळे गाव टरकून असे. ती सरळ एर्विनच्या बाकासमोर येऊन थांबली.

"ठेव तो डबा खाली."

"अजून पीठ टाकायचंय."

"पुष्कळ झालं पीठ. इथे काय पाव भाजायचाय?"

"व्लास्ता, माझा पाय..."

"दिसतोय मला. डोळे आहेत."

"मी मागे पडेन गं."

"पडलास तर थांबेन मी. गाणंसुद्धा थांबतंय बघ, ओळ संपली की. मग मला काय धाड भरलीय थांबायला?"

एर्विन उठला. ओळभर तो थोडा थोडा मागे पडत गेला. माझा जीव टांगणीला लागला. ओळ संपली, गायक थांबला, स्टील गिटारने उसासा टाकला, आणि त्या तेवढ्या सवडीत एर्विनने आपला बारीक पाय ओढून घेतला. घस्स. व्लास्ता थांबली होती. पुढची ओळ दोघांनी बरोबर सुरू केली. मित्रांनो, मी तेव्हा इतकी आनंदले की पाइनच्या फळ्यांना शोभणार नाही.

त्यांचे लग्न माझ्यावरच झाले. पुढे मुले झाली. आमच्याकडे मुलांना नाच शिकवायची पद्धत म्हणजे बापाच्या बुटांवर उभे करायचे आणि चालायला लागायचे. एर्विनची मुले त्याच्या बुटांवर उभी राहून शिकली, मग नात मार्लाही तशीच शिकली. तो डबा घेऊन आला की ती धावत यायची. "आजोबा, मला बुटांवर घ्या!" आणि मला एकाच पावलात दोन जिवांचे वजन जाणवे.

सुखाचे दिवस काही माझ्या बापाचे नव्हते. तरुण मंडळी शहरात गेली. शनिवारचे नाच महिन्यावर आले, मग सणावर, मग दाराला कुलूप लागले. नंतर कुणीतरी माझ्यावर गवताचे भारे रचून ठेवले. गवतात उंदीर झाले. छप्पर एका कोपऱ्यात फुटले आणि पावसाचे पाणी माझ्या फळ्यांत मुरले. माझे कौतुक करताना ज्यांची तोंडे दुखत नव्हती, ते रस्त्याने गाडी भरधाव नेत. मला फार वाईट वाटे. एर्विन तेवढा अधूनमधून कुलूप उघडून येई, भाऱ्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने टप् घस्स करत फिरे आणि जाई. एका हिवाळ्यात तो यायचा थांबला. व्लास्ता काळे जोडे घालून दारापर्यंत आली आणि आत पाऊल न टाकता परत गेली, तेव्हा मला काय ते कळले.

पुढे मोठी झालेल्या मार्लाने हट्ट धरला की लग्न करीन तर आजोबांच्या नाचघरातच. तिचा होणारा नवरा वेस्ली केंटकीच्या डोंगरातला. त्याने मित्र आणून गवत उपसले. मग एकाने पाण्याची नळी ओढत आणली, मला धुऊन काढायला. दारातून एकदम व्लास्ताचा आवाज आला.

"पाणी घातलंस तर याद राख! जमीन आहे ती, गोठा नाही! कोरडा झाडू घे, आणि तो बूट काढ आधी."

कितीतरी दिवसांनी माझ्यासाठी कुणी भांडले होते. छप्पर शाकारले, कुजलेल्या फळ्या बदलल्या. नव्या फळ्या अजून जरा शिष्ट आहेत, पण होतील सरळ.

लग्नाच्या दुपारी कोलाचे नावाच्या गोड पावांची ताटे आली, भाजलेले सॉसेज आले, केंटकीची पाहुणे मंडळी आली. त्यांच्यासोबत बँजो, मँडोलिन आणि वेस्लीची मावशी ओपल, तिची फिडल घेऊन. यांचे ब्लूग्रास संगीत. ढोल नाही, वीज नाही, नुसत्या तारा, आणि वेग असा की माझ्या खिळ्यांना घाम फुटला. एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवी आणि मागे सरे. त्यांच्याकडचे लोक खुर्च्यांवर बसून टाचा आपटत दाद देत होते. पण नाचायला उठणार कसे आणि कोण?

व्लास्ता बाकावर बसली होती, एर्विनच्याच जागी, मांडीवर तोच डबा. तिने काठावरून हात लांब करून पीठ भुरभुरले होते, नाचाच्या जागेत पाऊल ठेवले नव्हते.

"आजी, एक तरी नाच माझ्याबरोबर," मार्ला म्हणाली. "आजोबा असते तर पहिले तेच उठले असते."

"नको, पोरी."

"का पण?"

"जन्मभर माझ्या पायाला थांबायची सवय लागलीय. आता कुणासाठी थांबू?"

मार्लाने जाऊन वेस्लीच्या कानात सांगितले, आणि वेस्लीने मावशीला सांगितले. ते खिडकीतल्या दिव्याचे जुने गाणे वाजवायचे ठरले.

"लग्नात? बायको पळून गेलेल्याचं गाणं?" ओपलमावशी म्हणाली. "तुझ्या सासरची माणसं धड आहेत ना रे?"

पण तिने फिडल खांद्याला लावली आणि वेस्ली गाऊ लागला. मावशीचा हात सुंदर होता, यात शंका नाही. पण तो स्वस्थ बसेना. शब्दांवर सूर, ओळीच्या शेवटी सूर, सुरांवर आणखी सूर. गाण्याची चाल हळूहळू डोंगर उतरल्यासारखी भरभर होत गेली. ज्या सवडीत एर्विनचा पाय येत असे, ती सवड गच्च भरून गेली. मला गवताच्या भाऱ्यांची आठवण झाली. बाकावर व्लास्ताची टाच दोनदा वाजली आणि ती ओरडली, "थांबा!"

वेस्लीने गाणे थांबवले आणि मावशीने फिडल.

"बाई, तुझा हात सोन्याचा आहे," व्लास्ता म्हणाली. "पण माणूस आपलं दुःख सांगत असताना मध्ये मध्ये बोलू नये."

ओपलमावशी हसली. "आमच्याकडे फिडल गप्प बसली की लोकांना वाटतं, ही विसरली."

"आमच्याकडे गप्प बसली की कळतं, ही ऐकतेय."

"आणि वाजवायचं कधी?"

"ओळ संपली की. तेही एवढंसंच. उसासा टाकावा तेवढं."

मावशीने फिडलचा गज खाली घेतला. तिच्या टाचांचा भार जरा हलका झाला. वेस्ली पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला. या खेपेला ती ऐकत राहिली. ओळ संपली. मग तिने एकच सूर लांबवला, सावकाश, स्टील गिटारच्या हुंदक्याची आठवण यावी असा, आणि सोडून दिला.

आणि त्या सवडीत माझ्यावर आवाज आला, घस्स.

मी दचकले. एर्विन तर नव्हता. ती मार्ला होती, पांढऱ्या झग्याखाली पांढरे बूट घातलेली नवरी. ती एकटीच आजीच्या दिशेने नाचत येत होती, दोन पावले भरभर, दोन सावकाश, आणि ओळीच्या शेवटी धडधाकट उजवा पाय ओढून घेत होती. मुद्दाम करत नव्हती. तिला नाच म्हणून तेवढेच ठाऊक होते.

व्लास्ताच्या हातातून डबा निसटला आणि पीठ सांडले.

"हे... हे कुणी शिकवलं गं तुला?"

"म्हणजे काय आजी? आजोबांच्या बुटांवर उभी राहूनच शिकले ना मी. असंच तर नाचतात ना?"

"असंच," व्लास्ता म्हणाली. "हो बाई, असंच नाचतात." आणि सांडलेल्या पिठावरून तिने नाचाच्या जागेत पाऊल ठेवले.

मला तिचे वजन पूर्वीपेक्षा हलके लागले. ओळभर दोघी सरकत गेल्या. ओळ संपली की नात पाय ओढी आणि आजी तिच्यासाठी थांबे. मग मार्लाचे बाबा उठले, आत्या उठली, चुलतभाऊ उठले, आणि कितीक वर्षे एकट्या एर्विनचा असलेला तो घस्स आवाज चहूकडून आला. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण मी करकरले, आणि ते लोकांना गाण्यातलेच वाटले.

आता महिन्यातून एक शनिवार माझ्या वाट्याला येतो. लहान मुले मोठ्यांच्या बुटांवर उभी राहतात. परगावचे पाहुणे आले की एकमेकांना कोपर मारून विचारतात, "या गावात सगळे लंगडत का नाचतात हो?" गावातली निम्मी माणसे सांगतात, "आमच्याकडे असंच नाचतात." त्यांना एर्विनचे नावही माहीत नाही. मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

माझे मागणे थोडे आहे. माझ्यावर पाणी ओतू नका, गवत रचू नका, खिळ्याचे बूट बाहेर ठेवा आणि मक्याचे पीठ विसरू नका. आणि नाचताना कुणी मागे पडले, तर त्याला ओढू नका, सोडूनही जाऊ नका. ओळ संपली की थांबा. तो येतोय, मला खालून ऐकू येते.