वारा शोधणारा धागा

हिवाळ्यात वस्तीच्या सभागृहात दोन्ही हीटर दिवसभर चालत, तरी शिवणवर्गातल्या बायकांची बोटं आखडायची. वर्ग घेणाऱ्या बाई वैतागल्या होत्या. व्यवस्थापक म्हणाले, "तिसरा हीटर मागवतो."

"अहो, ऊब कमी नाही, ती पळून जातेय," बाई म्हणाल्या. "कुठून, ते आधी बघू."

बाईंचा धाकटा दीर वायरमन. रविवारी सकाळी बाईंनी त्याला सोबत आणलं, पट्टीला रेशमाचा धागा बांधला आणि एकेका खिडकीपाशी धरत निघाल्या.

"वहिनी, याला यंत्र असतं."

"असू दे. माझ्या धाग्याला सेल लागत नाहीत."

धागा हलला की दीर चौकटीवर खडूची खूण करी. पंधरा खुणा झाल्या. मग बाई दमून स्वयंपाकघराच्या दारात टेकल्या, तर हातातला धागा आपोआप आडवा झाला आणि आतल्या उंच कपाटाकडे ओढला गेला.

दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे भिंतीतला पंखा भणभणत हवा बाहेर फेकत होता. त्याचं बटणही तिथंच, कपाटाआड.

व्यवस्थापकांना बोलावलं. पंखा पाहून ते कानापर्यंत लाल झाले. "कपाट मीच इथं ठेवलं होतं. सहा वर्षं झाली. मला वाटायचं, फ्रिजचा आवाज आहे."

"म्हणजे सहा वर्षं आपण अख्खी गल्ली तापवत होतो!" दीर म्हणाला, आणि मग हसू कुणालाच आवरेना. बाईंनी बटण बंद केलं.

पुढच्या रविवारी व्यवस्थापक स्वतः शिडीवर चढून खिडक्यांच्या फटींना लोकरीच्या पट्ट्या चिकटवत होते. पडद्यांना जाड अस्तर लावायचं ठरलं, तेव्हा म्हणाले, "बाई, मलाही शिकवा. चूक माझी, तर थोडे टाके माझे."

आठवड्याभरात एकाच हीटरवर सभागृह उबदार राहू लागलं. व्यवस्थापक बायकांच्या घोळक्यात मशीनवर बसले, जीभ दातांत धरून. पहिली शिवण सापासारखी गेली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"उसवा."

त्यांनी निमूटपणे उसवली. दुसरीही वाकडीच आली, पण ती बाईंनी तशीच राहू दिली आणि स्वतःच्या हातांनी तो पडदा दर्शनी खिडकीला लावला.