अंगी लागलेलं पाणी

माझं कुणी खरं मानलं नाही. ओरडायला मला तोंड नाही, म्हणून बाईच्या साऱ्या अंगातून ओरडले. तरीही नाही.

मी सुमंगलाची डावी किडनी बोलतेय. देवासची सुमंगला, चांदीकाम करणाऱ्या मारुतीची बायको. तिच्या पाठीत, बरगडीखाली माझं अंधारं घर. उजवीकडे माझी जुळी बहीण. आमच्या दारातून रक्ताची नदी वाहायची आणि आम्ही दोघी ती गाळत बसायचो. घाण बाहेर, चांगलं आत. वर काळजाचा ढोल मंद वाजायचा. त्या तालावर काम करता करता गुंगी यावी, असं ते सुख.

मग आम्हा दोघींना सूज आली. दुखत नव्हतं, तेच वाईट. आमची चाळणी आतल्या आत विरत गेली आणि जे ठेवायचं तेच वाहून जाऊ लागलं.

पहिली खूण मी डोळ्यांवर धाडली. सकाळी उठली की पापण्या फुगलेल्या. सासू राजाबाई म्हणाल्या, "झोप जास्त झाली." मग लघवीला फेस आणला, साबणाचा असतो तसा. तिनं लाजत नवऱ्याला सांगितलं. "गरमी आहे, पानी पी," मारुती म्हणाला. मग डोकं ठणकवलं, भूक मारली, अंगाला खाज सोडली, जिना चढताना धाप लावली. डोकेदुखीला गोळी, खाजेला नवा साबण, धापेला "आळशी झालीस!" सगळं एकत्र मांडून बघायला कुणाला फुरसत होती?

शेवटी पाणी पायांत उतरलं. जोडवी रुतली. सवाशिणीनं जोडवी काढायची नाहीत, म्हणून मारुतीनं आपल्याच हत्यारानं वेढे सैल करून दिले. वर हसून म्हणतो कसा, "काय बायको, भरलीस की! लोग बोलेंगे, मारुतीच्या घरी तूप मिळतं."

राजाबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "आली तेव्हा काडी होती. आता अंगी लागलंय."

अगं बायांनो, तूप कुठलं? पाणी होतं ते!

शेजारची सरला पापड लाटायला आली होती. तिनं सुमंगलाची नडगी अंगठ्यानं दाबली. खळगा पडला, तो भरेचना.

"ए सुमंगला, ही चरबी आहे होय? ये तो सूजन है. माझ्या जावेला असंच झालं होतं. ऊठ, आत्ताच जांच करवून घेऊ."

सुमंगला उठलीसुद्धा. चप्पल पायात जाईना, तरी रेटत होती. तेवढ्यात राजाबाई दारात.

"आमची सून सुखानं भरली, तर तुझ्या पोटात का दुखतं गं?"

सुमंगलाची चप्पल तिथंच राहिली. संध्याकाळी सासूनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि सरलाशी बोलणंच बंद केलं.

तेव्हापासून मी स्वप्नात असल्यासारखी आहे. नदी गढूळ येते, गढूळच पुढे जाते. बहीण हाकेला ओ देत नाही. मी आकसत चाललेय, आणि बाहेरचे आवाज तळ्याच्या बुडाशी ऐकू यावेत तसे येतात.

काल डॉक्टरांचा आवाज आला. सुमंगला चक्कर येऊन पडली होती.

"इतक्या दिवसांची सूज, आणि साधी लघवी तपासली नाहीत? बीपी बघितलं नाहीत? आता मशीनवर रक्त धुवावं लागेल."

मी आता फार दिवस बोलणार नाही. जाता जाता एवढंच मागते. डोळे फुगले, फेस आला, पायाला खळगा पडला, तर जोडवी सैल करत बसू नका. बाईला तपासायला न्या.

दवाखान्याच्या बाकड्यावर मारुती रडत होता. "आई, असं कसं झालं गं? कुणाचं चुकलं?"

मला वाटलं, आता तरी खरं बोलतील.

राजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "चांगली भरली होती रे पोर. दृष्ट लागली."

"कुणाची?"

"आणखी कुणाची? सरलाची."