त्यांच्या आवाजातली जाहिरात

"भाव पडला तरी चालंल तनुजा, पण भट्टी बंद पडू देऊ नको."

शेवटच्या दिवशी दवाखान्यात यांनी एवढंच मागितलं होतं. मी 'व्हय' म्हणाले होते.

आज गुरुवार, म्हणून प्रसाद घेऊन कारखान्यात गेले, तर धाकट्या दिरांच्या संगणकातून तोच आवाज आला.

"नमस्कार. मी इंद्रजीत. आमची मोटार-स्टार्टरची चिप आता निम्म्या भावात. तीच चिप, तीच भट्टी."

प्रसादाची वाटी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. जे नाव मी कधी उच्चारत नाही, ते यंत्रानं घेतलं होतं.

"कसं जमलं, वहिनी?" अभयभाऊजी खुशीत होते. "दादाचे जुने व्हिडिओ मशीनला ऐकवले. त्या मोठ्या कंपनीकडं नटनट्या हायेत, आपल्याकडं दादा हाय!"

हुबेहूब होतं. 'चिप' म्हणण्याआधी हे किंचित थांबायचे, ते थांबणंसुद्धा.

"पण निम्म्यात परवडतं कसं?"

भाऊजींनी नजर वळवली. मोठ्या कंपनीनं भाव पाडला होता, आणि तोटा सोसत बसायची ऐपत तिची होती, आमची नाही. आमची चिप शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसते. पत्र्याची पेटी, वर ऊन. म्हणून हे प्रत्येक चिप भट्टीत तापवून बघायचे. कच्ची असेल ती तिथंच जायची.

"भट्टी बंद केली, वहिनी. लई वीज खाते. एखादी चिप गेली तर बदलून देऊ."

"मग जाहिरातीत तसं सांगा."

"असं सांगून कोण विकतं?"

"नाहीतर भाव चढाच ठेवा, आणि चढा का, ते सांगा."

"दुकानदार आधी भाव विचारतो. कारण ऐकायला थांबत नाय." ते खुर्चीत खचून बसले. "दादा बी आज हेच बोलला असता."

"ते बोलले नाहीत, भाऊजी. तुम्ही बोलायला लावलंत."

त्यांनी बटण दाबून पुन्हा तोच आवाज लावला, डोळे मिटून. त्यांनाही तो ऐकायचाच होता बहुतेक.

मी वाटी त्यांच्यापुढं ठेवली आणि आत गेले. बिडकीनला जाणाऱ्या टेम्पोत चढवायची खोकी दाराशी रचलेली होती. भट्टीवर हात ठेवला. गार. इतक्या वर्षांत ती कधी गार लागली नव्हती.

खटका खाली करून ती चालू केली. पदर खोचून पहिलं खोकं भट्टीकडं ओढू लागले.

मागून हे पुन्हा म्हणाले, "नमस्कार. मी इंद्रजीत."