बरणीतली दहा गांडुळं

शेडचं दार उघडलं आणि आधी वास आला. गांडूळखताला वास येतो तो ओल्या मातीचा. हा सडक्या मासळीचा होता. पहिल्या टबावरचं गोणपाट उचललं. माझी गांडुळं टबाच्या कडांना चिकटून गुंता होऊन पडली होती. अंगं जागोजागी दोऱ्याने आवळल्यासारखी, काही मधूनच तुटलेली. बोट लावलं की पाणी व्हायची.

दुसरा टब. तसाच. तिसरा. तसाच.

गोणपाट हातात धरून नुसती उभी राहिले. डोक्यात एकच खुळा विचार, की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शेडमध्ये शिरलोय.

आता कुणी म्हणेल, किडे तर मेले, त्यात काय एवढं? म्हणून सांगते. अकरा वर्षं मी बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवले. त्या गोंदाच्या वासाने छातीचा पार भाता झाला. दोन मजले चढताना तीनदा बसावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, कारखाना सोडा. सोडून खायचं काय, हे डॉक्टर सांगत नसतात. मग भंगारातून आंघोळीचे चार जुने टब आणले, घरामागच्या शेडमध्ये मांडले आणि त्यात किलोभर गांडुळं सोडली. घरात सगळे पोट धरून हसले. दिराने माझं नाव ठेवलं, किडेबाई. पहिली कमाई गळ टाकायला जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने दिली, डबाभर गांडुळांची. तीन वर्षांत त्या किड्यांनी घराचं भाडं भरलं. तेव्हापासून हसणं जरा कमी झालं होतं.

आणि उद्या, सोमवारी, नर्सरीवाल्या बाई टब बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर महिन्याला वीस पोती खत, कायमचं. या 'कायमचं'वर मी आठवडाभर तरंगत होते. नाही जमलं, तर कारखान्यातली माझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी होती.

माझा एक नियम आहे. बाहेरून आलेलं शेण असो, लीद असो, पाला असो, मी थेट टबात टाकत नाही. आधी काचेची बरणी. त्यात मूठभर माल, वर दहा गांडुळं, दोन दिवस. दहाच्या दहा वळवळली तर टबात, नाहीतर परत. हे मला कुणी शिकवलं नाही. हात पोळून शिकले.

दीर घोड्यांच्या तबेल्यात कामाला आहे. गुरुवारी तो लिदीची सहा पोती घेऊन आला. भुसभुशीत, थंड, एक नंबर माल.

"घ्या वहिनी, तुमच्या लेकरांना मेजवानी!"

जन्मात पहिल्यांदा या माणसाने मला काही दिलं होतं. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. तरी सवयीने मी बरणी काढली, लीद भरली, गांडुळं सोडली.

"हे काय चाललंय?"

"दोन दिवस बघते, भाऊजी. सगळ्यांचंच बघते."

"मी सगळ्यांत आलो होय? विष आणलंय का मी?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "पोरगा आपणहून काही घेऊन आला, तर ही त्याची झडती घेतेय."

नवऱ्याने माझं कोपर ओढलं. "अगं, टाक ना. तोंड पाडून जाईल तो. तेवढ्याने काय होतंय?"

मी टाकली. तीन टबांना पुरली, चौथा राहिला. "रविवारी आणतो उरलेली," दीर म्हणाला.

बरणी शेडच्या खिडकीत तशीच होती. आत्ता उचलून पाहिली. दहाच्या दहा मेलेली. शनिवारीच तिने उत्तर दिलं असणार. मी बघायलाच गेले नाही. घरच्या माणसावर संशय घेतला याची लाज वाटत होती ना मला!

तेवढ्यात दीर दोन पोती घेऊन हजर. मागे नवरा, सासूबाई.

"मेली? सगळी?" त्याने डोकं खाजवलं. "अरेच्चा. मग ते औषधाचंच असणार."

"कुठलं औषध?"

"जंताचं. घोड्यांना पाजलं ना या महिन्यात. मीच पाजलं, एकेकाची मान धरून. गुरांचे डॉक्टर म्हणालेले, ही लीद बागेला घालू नका. मालकाने ढिगावर पाटीपण लावलीय."

"पाटी वाचून आणलीत?"

"आता मालक म्हणाला, लांब नेऊन टाक. लांब कुठे जाणार? तुमची शेड जवळ. आणि ते पोटातले जंत वहिनी, ही मातीतली. वेगळीच की!"

मला वाटलं होतं, टब उघडले तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं. तसं नव्हतं. जिच्यामुळे मी हरखले होते, ती भेट नव्हतीच. तो कचरा होता, आणि मी उकिरडा.

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "हे बघ, आवाज चढवायचा नाही. त्याने मुद्दाम केलंय का? तोंड बघ कसं एवढंसं झालंय त्याचं. 'राहू द्या, भाऊजी,' एवढं म्हण."

"मी म्हणू?"

"तूच मोठी ना," नवरा म्हणाला. मग हलकेच, "चौथा टब आहे ना अजून? ही दोन पोती ढिगाच्या तळची आहेत म्हणतो तो. जुनी. यात औषध नसेल."

आणि त्याने पोत्याची दोरी सोडायला हात घातला.

तीन टब मेलेले, समोर वास मारतायत, आणि हा दोरी सोडतोय! मी चौथ्या टबावर आडव्या टाकलेल्या फळीवर जाऊन बसले. तिथूनच नर्सरीवाल्या बाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाई, तीन टब मेले. औषधाची लीद पडली."

"तुम्ही तर तपासून टाकता म्हणाला होतात?"

"घरच्या माणसाची होती. म्हणून थांबले नाही."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "किती उरलंय?"

"एक टब."

"एका टबातून वीस पोती निघायची नाहीत."

"नाहीत. एखादं निघेल."

"मग ते एक घेईन. तपासलेलं असेल तर. बाकीचं पुढे बघू."

एका पोत्याच्या पैशांत माझ्या छातीचं औषधसुद्धा येत नाही. म्हणजे पुन्हा कारखाना, पुन्हा तो गोंद. किती दिवस, ते या उरलेल्या टबाने ठरवायचं. फोन ठेवला, पण फळीवरून उठले नाही.

"मग ही पोती?" दिराने विचारलं. खरंच विचारलं त्याने.

"पाटी आहे तिथे न्या, भाऊजी."

सासूबाई रडायला लागल्या, त्याच्यासाठी. नवऱ्याने दोरी पुन्हा बांधली. मी बरणी घासून खिडकीत ठेवली.