घरात तो विषय नको

मामाचा हात हलका होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं, कारण वैऱ्याची दाढीही तोच करायचा. चौकात त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. पण गावभर नाव झालं ते बुधवारमुळे. दर बुधवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून तो कॅन्सरच्या हॉस्पिटलात जायचा आणि केमोनं ज्यांचे केस गळू लागले आहेत त्यांचे केस फुकट काढून द्यायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण ह्याच आजारानं गेली. तिचे केस कुणीतरी मेंढीची लोकर कातरावी तसे कातरले होते आणि ती शेवटपर्यंत आरशाकडे पाठ करून बसली होती. म्हणून मामा घाई करत नसे. आधी खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत, मध्ये जरा गप्पा, आणि शेवटी मशीन. "काकू, आता काकांना म्हणा, टक्कल कुणाचं जास्त चकाकतं ते बघूच." काकू रडता रडता हसायच्या. हे खरोखर सोपं काम नाही, आणि त्याचं श्रेय त्याच्याकडून काढून घ्यायची माझी इच्छा नाही.

हे काम तो ज्या संस्थेतर्फे करायचा ती संस्था म्हणजे अकरा माणसं, छापखान्याच्या वरची एक खोली आणि पेशंटांनी मन मोकळं करायला एक फोन. फोनवर एक निवृत्त नर्स बसायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे नियमांना तोटा नव्हता. त्यातले दोन अगदी कडक होते. फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही, आणि वॉर्ड घरी न्यायचा नाही. हा दुसरा नियम उगाच केलेला नव्हता. रोजचं दुःख घरी नेऊन दोन चांगली माणसं खचली होती.

मामानं मात्र तो नियम असा काही पाळला की सेक्रेटरीनंही कान पकडावेत. हॉस्पिटलातून आला की आधी आंघोळ, मग कपडे भिजत, आणि मग तोंडाला कुलूप. संस्थेतल्या कुणाला त्यानं कधी घरी आणलं नाही, बायकोला कधी खोलीवर नेलं नाही. ह्या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही, असं तो म्हणायचा आणि त्याला स्वतःलाच ते फार आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी जेवताना बायकोनं विचारलं, "अहो, त्या बायकांना सुरुवातीला दुखतं का हो?"

"घरात तो विषय नको म्हटलं ना," मामा म्हणाला. "दिवसभर तेच बघून आलोय. दोन घास सुखानं खाऊ दे."

तिनं त्याला वाढलं आणि दुसरं काहीतरी बोलायला घेतलं.

चारेक महिन्यांनी संस्थेच्या बैठकीत सिस्टरनं एक अडचण मांडली. एक बाई बुधवारी दुपारी, नवरा घरी नसताना, फोन करते. छातीत गाठ आहे. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणते, नवऱ्याला न सांगता कशी जाऊ, आणि त्याला सांगावं तर तो त्या आजाराचं नावसुद्धा काढू देत नाही. "काय सांगू तिला?" सिस्टरनं विचारलं. "दिवस जाताहेत तिचे."

"अशा नवऱ्याला उलटं टांगून खालून मिरच्यांची धुरी द्यायला पाहिजे," मामा म्हणाला. सगळे हसले. मग मामाला खरंच राग आला. बहीण आठवली असेल. "तिला म्हणावं, त्या बैलाची वाट बघू नका. नवऱ्याचा नाद सोडा आणि एकट्या जा. आमचा केस कापणारा मामा म्हणतो म्हणून सांगा."

सिस्टरनं ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. घरी परतताना आज आपण एका बाईचा जीव वाचवला असं मामाला वाटत होतं, आणि नियमाप्रमाणे घरी तो त्यातलं अक्षरही बोलला नाही.

त्यानंतर बायको दोनदा सकाळीच बहिणीकडे जाते म्हणून गेली. घरातही डोक्याला रुमाल बांधू लागली. भर उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणाली. तीस वर्षं लोकांच्या केसांवर पोट भरणाऱ्या ह्या माणसाला रुमालाखाली काय चाललंय ते कळलं नाही. कंगव्यात गुंतवळ वाढलं होतं, तेही दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही.

एका बुधवारी सिस्टरनं त्याच्या हातात नेहमीसारखी यादी दिली. यादीत नावं नसत, नुसते खुर्च्यांचे नंबर असत. तीन, चार, सात. केमोच्या त्या लांबलचक खोलीत तीन नंबरचं काम आटोपून तो चारकडे वळला. तिथे हाताला नळी लावून त्याची बायको बसली होती. शेजारच्या स्टुलावर सिस्टर होती.

"बस झाला तो रुमाल," बायको म्हणाली. "मीच सांगितलं सिस्टरना, माझा नंबर यादीत घाला."

सिस्टर एकदा तिच्याकडे बघे, एकदा मामाकडे. हळूहळू तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तोंडावर हात धरला.

"डॉक्टर काय म्हणाले?" मामानं सिस्टरला विचारलं.

"मी इथे आहे," बायको म्हणाली. "मला विचारा."

"काय म्हणाले?"

"उशीर केलात म्हणाले. किती, ते सांगत नाहीत."

"मला नाही सांगावंसं वाटलं तुला?"

"सांगितलं की. एकदा जेवताना तुम्हाला विचारलं. मग दर बुधवारी तुमच्या खोलीवर फोन करून सांगितलं. तुमचा निरोपही मिळाला, नवऱ्याचा नाद सोडा आणि एकट्या जा. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर ह्या म्हणाल्या, केस कापणारा मामा. म्हटलं, आता साक्षात तेच म्हणताहेत तर जावं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मामाला बरं वाटलं असतं.

पाच नंबरच्या आजीचे केस त्यानंच गेल्या आठवड्यात काढले होते. त्या हसून म्हणाल्या, "मामा, हिलाही काहीतरी गंमत सांगा की. घाबरलीय बिचारी."

मामानं पिशवी उघडली. आधी खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत. पुढे काहीतरी बोलायचं असतं, ते त्याला काही केल्या सुचेना. शेवटी गप्पा वगळून त्यानं मशीनच चालू केलं. बायको समोर बघत होती. काम झाल्यावर तिनं डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"पुढच्या वेळी मी येतो," तो म्हणाला.

"पुढची वेळ बुधवारचीच आहे. तुम्ही असालच इथे."

"तसं नाही गं. तुझ्यासोबत येतो. घरून."

"फॉर्मवर सोबतीला कोण म्हणून विचारतात," ती म्हणाली. "मी सिस्टरचं नाव लिहिलंय. पाच महिने ह्यांनी फोनवर माझं सगळं ऐकलं, नाव न विचारता. ते नाव मी खोडणार नाही."

मामा तिथेच खाली, स्टुलाशेजारी फरशीवर बसला.

"उठा," बायको म्हणाली. "सात नंबरची बाई सकाळपासून खोळंबलीय."